भिंगाखालचा दुसरा धागा

उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आठव्या दिवशी मी सुरतेजवळच्या कडोदऱ्याच्या कारखान्यात हजर. डॉक्टर महिनाभर थांबा म्हणाले होते, पण मी नसलो तर सुरतेचं कापड तपासणार कोण, असा माझा समज!

माझ्या टेबलावर तिथंच माग चालवणाऱ्या मेहुण्याचे कापडाचे ताके यायचे. डावा डोळा मिटून, उजव्याला भिंग लावून कापड बघायची माझी जुनी ऐट. पहिलाच ताका पाहिला आणि हबकलो. प्रत्येक धाग्याला चिकटून अंधुकसा दुसरा धागा! तीन दिवसांत त्याचे अकरा ताके मी खराब ठरवले. दिव्यांभोवतीही सावल्या दिसत होत्या, पण ती मला नव्या डोळ्याची ताकद वाटली.

शेठनं मेहुण्याला सांगून टाकलं, "कल से मत आना."

तो तडक माझ्यापाशी आला. "दाजी, धागा एकच शे. भिंग दुसऱ्या डोळ्याला लावा."

"मला शिकवतोस?" म्हणत मी लावलं. डाव्या डोळ्याला जरा धुरकट, पण धागा एकच. पुन्हा उजवा. दोन. भिंग ठेवलं नि मेहुण्याला घेऊन तसाच डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी तपासलं नि मान हलवली. आत बसवलेली लेन्स मध्यावरून सरकली होती. थोडा उजेड लेन्समधून, थोडा तिच्या कडेवरून, म्हणून एकाची दोन चित्रं. पुन्हा आत जाऊन ती बसवावी लागणार.

"डोळ्याला काही लागलं होतं?"

"छे, काही नाही."

मेहुणा शेजारीच उभा. "काही नाही कसं? पहिल्याच दिवशी, टेबलावर बसायच्या आधी, हवेचा पाइप तोंडावर धरला नव्हता का?"

अंगावरची रुई आम्ही सगळेच कंप्रेसरच्या पाइपानं उडवतो. सवयीनं मीही उडवली होती, थेट त्याच डोळ्यावर. 

कारखान्यात परतून शेठसमोर, सगळे कारागीर बघत असताना, मी डाव्या डोळ्यानं अकराही ताके पुन्हा तपासले. दहा स्वच्छ निघाले. अकराव्यात मात्र हातभर खोट खरीच होती. शेठनं मेहुण्याला हातानंच मागाकडे जायची खूण केली.

जाताजाता तो माझ्या कानाशी वाकला. "दाजी, तो अकरावापण तुमच्या डोळ्यावर टाकला असता, तर काय बिघडत होतं?"