कडप्प्याचा ओटा

पिकअपमागे जोडायच्या चाकांवरच्या घरात मी कडप्प्याचा ओटा बांधून घेतला आणि पिकअपला किती वजन ओढवतं, हे पाहिलंच नाही. सोलापूरहून कोकणात निघालो, तेव्हा बायकोनं हट्टानं वजनकाट्यावर थांबवलं.

काट्यावरच्या माणसानं आकड्याआधी गाडीच बघितली. तो उकिडवा बसला, पिकअपचं दबलेलं मागचं चाक त्यानं म्हशीसारखं थोपटलं. मग वजन केलं, गाडीचं पुस्तक मागितलं आणि ओढायच्या वजनाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"तीनशे किलो जादा हाय. घाटात ब्रेक लागायचा न्हाय. घरच तुमाला ढकलत नेईल की."

ओटा तिथंच फोडून उतरवला. पुन्हा वजन केलं, ते मर्यादेत बसलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

"वेळीच लक्षात आलं," मी म्हणालो.

"ते ताईंच्या आलं. तुमी नुसता ओटा बांधला."