सहा मासे, गोत्र काश्यप

श्रीधर मंगळवारी गेले. त्यांनी मागवलेले मासे शुक्रवारी आले.

दारात थर्माकोलचा खोका घेऊन एक माणूस उभा होता. "सर आहेत का?"

"नाहीत."

"कधी येतील?"

मी सगळी नोकरी ग्रंथालयात केली. विचारलेल्या प्रश्नाला नेमकं उत्तर द्यायचं, ही माझी सवय. या प्रश्नाचं उत्तर कुठल्या कपाटात आहे ते मात्र मला आठवेना. "ठेवून जा," मी म्हटलं.

"नुसते ठेवून चालणार नाहीत मॅडम. पाण्यात सोडायला लागतील. जिवंत आहेत."

आतून वन्सं आल्या. वन्सं म्हणजे श्रीधरच्या थोरल्या बहीण. केळव्याला सुपारीची वाडी एकट्या सांभाळतात आणि त्या आठवड्यात मलाही सांभाळत होत्या. (वाडीला निदान उलटून बोलता येत नाही. मलाही येत नव्हतं, म्हणून त्यांचं ठीक चाललं होतं.)

"काय गं आलंय?"

"मासे."

"शैला, सुतकात? तेराव्यापर्यंत घरात मासळी नाही, हे तुला मी सांगायला हवं?"

"खायचे नाहीत वन्सं. पाळायचे आहेत."

वन्संनी खोक्यातली पिशवी काढून उजेडात धरली. एकेक मासा बोटाच्या दीड पेराएवढा. "खरंच," त्या म्हणाल्या. "खायचे नसणारच."

टाकी तयार होती. निवृत्त झाल्यावर श्रीधरना हा नाद लागला. आफ्रिकेतल्या कुठल्याशा तळ्यातले हे मासे, मेलेल्या गोगलगाईंच्या शंखात घर करतात. टाकीत पाणी भरून, बारीक वाळू घालून, फिल्टर सुरू करून ते महिनाभर नुसत्या पाण्यासमोर बसले. "मुरू दे जरा," असं लोणच्याबद्दल बोलावं तसं म्हणायचे. शंख त्यांनी बेटेगावच्या शेतांच्या बांधांवरून वेचून आणले आणि माझ्या चहाच्या पातेल्यात उकळले. जेवताना ते माशांबद्दल सांगत आणि मी पुस्तकातून डोकं न काढता 'हं' म्हणे. त्या दोन 'हं'च्या मधल्या फटीतून जे आत शिरलं, तेवढंच माझं मत्स्यशास्त्र. पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवायची. शंखांची तोंडं वर हवीत. आणि आमचं बोईसरचं बोअरचं पाणी, ज्याने गिझर पांढरा होऊन मरतो, ते या माशांना मानवतं. "आपल्याला न चालणारं पाणी ज्यांना चालतं, असे मासे शोधलेत मी," असं ते अभिमानाने सांगायचे.

आता हे मासे माझ्या हातून मरू नयेत, एवढी एकच काळजी मला उरली होती. एकच असल्यामुळे ती पूर्ण वेळ कामावर होती.

मी शंख वाळूत रोवले, पिशवी तरंगत ठेवली आणि मग हलकेच तिरकी केली. सहा मासे बाहेर आले. टाकीकडे एकदा बघितलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि सहाही जण समोर दिसेल त्या शंखात शिरले.

ते पुन्हा बाहेर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नाहीत, तिसऱ्या दिवशी नाहीत. मी खाणं टाकायची, ते पाण्यावर तरंगत राहायचं. मी टाकीसमोर खुर्ची घेऊन बसले. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. आलेला माणूस आधी श्रीधरच्या फोटोकडे बघे, मग माझ्याकडे, मग मी ज्याच्याकडे बघतेय त्या टाकीकडे.

"काय आहे हो यात?" शेजारच्या सामंतबाईंनी विचारलं.

"मासे."

सामंतबाई वाकल्या. या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं. "कुठे?"

"शंखात."

"सगळे?"

"सगळे."

"बरं," असं म्हणून सामंतबाई माझ्या पाठीवरून हात फिरवून स्वयंपाकघरात गेल्या. तिथून त्यांचं कुजबुजणं मला स्पष्ट ऐकू आलं. (सामंतबाई कुजबुजल्या की खालच्या मजल्यालाही बातमी कळते.) "धक्का बसलाय हो. रिकाम्या टाकीत मासे दिसतात तिला."

"दिसत नाहीत हो," वन्सं म्हणाल्या. "दिसत नाहीत असंच म्हणते ती. तरी आहेत म्हणते."

"हे तर जास्तच झालं."

संध्याकाळी वन्सं माझ्यासमोर येऊन बसल्या. "तेरावं झालं की तू केळव्याला चल. वाडीत बस, वारा खा, सुपाऱ्या सोल."

"आणि मासे?"

"टाकी सामंतबाई नेतील. त्यांना बटाटे ठेवायला हवीय."

"वन्सं, त्यात मासे आहेत."

वन्संनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "एक दाखव. एकच. मग मी शब्द काढणार नाही."

आता प्रश्न माझ्या अब्रूचाही झाला. मी टाकीसमोर हालचाल न करता बसून पाहिलं. दाराआडून डोकावून पाहिलं. दिवा मालवला, लावला. एकदा तर "अहो, या ना जरा बाहेर," असं म्हटलंही, आणि नेमक्या त्याच वेळी सामंतबाई साखर मागायला आल्या.

त्यातच पाणी गढुळायला लागलं. आधी ताकाच्या निवळीसारखं, मग ताकासारखं. वासही सुटला. खाणं तर मी चिमटीभरच टाकत होते, मग हे कशाने? मुरलेलं पाणी नासलं याचा अर्थ एकच होता. मासे आत मेले. श्रीधरना महिनाभर जमलं ते मला आठवडाभर जमलं नाही. मंगळवारपासून मला रडू आलं नव्हतं. ते तेव्हा आलं, आणि चांगलं दणकून आलं.

वन्सं धावत आल्या. "काय झालं?"

"मासे गेले वन्सं."

"गेले?" वन्संनी टाकीला हात जोडले. जिवंत असेपर्यंत ज्या माशांवर त्यांचा विश्वास नव्हता, ते मेले म्हटल्यावर त्यांना क्षणात पटलं. "अगं, त्याने हौसेने मागवलेले. असे कचऱ्यात नाही टाकायचे. रीतसर सोडू या. दांडीच्या समुद्रावर जाऊ."

"सुतकात बाहेर?"

"विसर्जनालाच तर चाललोय."

वन्सं एकदा 'रीतसर' म्हणाल्या की वाद संपतो. ज्या शंखांत मासे शिरलेले मी पाहिले होते, ते सहा मी हलक्या हाताने उचलले आणि लाडवांच्या स्टीलच्या डब्यात ठेवले. "कोरडे नेऊ नयेत," म्हणून वन्संनी टाकीतलंच तांब्याभर पाणी वर ओतलं, तुळशीचं पान टाकलं आणि झेंडूचं एक फूल ठेवलं. डबा मांडीवर घेऊन मी रिक्षात बसले. चारच दिवसांपूर्वी असंच काहीतरी मांडीवर घेऊन श्रीधरचे धाकटे भाऊ याच रस्त्याने गेले होते, त्यामुळे डबा मी दोन्ही हातांनी धरला होता.

रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. "माताजी, डब्बे में क्या है? अस्थि?"

"मासे," वन्सं म्हणाल्या.

त्याने थोडा विचार केला. "दांडी में तो मछली मिलती है. आप यहाँ से ले के जा रहे हो?"

दांडीला ओहोटी लागलेली. समुद्र पार लांब गेला होता आणि मधे नुसता चिखल. किनाऱ्यावर एक बाई बोंबील वाळत घालत होती. तिने आमच्या हातातला फूल घातलेला डबा पाहिला आणि पदर सारखा केला.

"पानी लांब हाय बाय. भरती होऊ द्या. कोन गेलं?"

"मासे," मी म्हटलं.

"मासं?"

"समुद्रात सोडायचेत."

तिने हातातले बोंबील खाली ठेवले. "आमी भायेर काडायचे न तुमी आत सोडायचे? बगू." तिने डब्यात डोकावलं. "ह्यात तं नुस्ते शंख हाय. मासं कुठं?"

"आत आहेत," वन्सं म्हणाल्या.

"समदे?"

"सगळे."

सामंतबाईंनी माझ्याकडे बघितलं होतं अगदी तसंच त्या बाईने वन्संकडे बघितलं. आठवडाभरात प्रथमच मला बरं वाटलं.

"दोगी भैनी का?"

"नणंद-भावजय."

"मंग बरोबर," ती म्हणाली आणि बघायला तिथेच बसली.

भरतीची वाट बघण्यात अर्थ नव्हता. वाटेत पाण्याचं एक डबकं साचलं होतं, तिथेच आम्ही ओणवलो. वन्संनी हात जोडले आणि थांबल्या. "नावं काय?"

"कोणाची?"

"माशांची. नाव-गोत्र घ्यायला नको?"

"वन्सं, त्यांना नावं नव्हती."

"नावं ठेवायचीस तरी. आठवडाभर काय करत होतीस?" त्यांनी डोळे मिटले. "असू दे. गोत्र माहीत नसेल तर काश्यप. काश्यप गोत्रातले सहा मासे…"

मी पहिला शंख उचलला आणि डबक्यावर कलता केला. शंखाच्या तोंडातून एक चेहरा बाहेर आला. रागीट चेहरा. त्याने माझ्याकडे बघितलं आणि माझ्या बोटाला चावा घेतला.

मी ओरडले. शंख हातातून सुटला तो थेट डबक्यात. खारं पाणी! मी हात घालणार, त्याआधी बोंबीलवाल्या बाईने तो अलगद काढून डब्यात टाकला होता.

"जिता हाय गं बाय."

"जिवंत आहे," मी वन्संना सांगितलं, जणू ती बाई परक्या भाषेत बोलली होती.

वन्संचे हात अजून जोडलेलेच होते. "म्हणजे मी जिवंत जीवाचं गोत्र उच्चारलं?" त्या पांढऱ्या पडल्या. "आता काय करायचं?"

त्याला शास्त्रात काय आहे हे मला माहीत नव्हतं, पण डब्यात समुद्राचं पाणी गेलं होतं आणि ते बदलायला हवं होतं हे कळत होतं. "गोडं पाणी मिळेल का?" मी बाईला विचारलं.

"इरीचं हाय घरी. पन पिवाला नाय चालत. चुन्यावानी हाय निस्तं. भांडी पांडरी होतात."

आपल्याला न चालणारं पाणी. माझ्या तोंडून त्या वेळी 'हं' निघालं नाही, हे नशीब. "तेच द्या," मी म्हटलं.

तिने विहिरीच्या पाण्याची कळशी आणली. आम्ही डब्यातलं पाणी थोडं थोडं करत बदललं. वन्सं मधेच एकेका शंखाला नमस्कार करत होत्या. दुसऱ्या शंखातून शेपूट दिसलं, तिसऱ्यातून डोळा. पैसे देऊ केले तर ती बाई हसली. "मासं जगावले म्हनून पैसं? गावात कोनाला सांगू नका, हसतील मना."

रिक्षावाला तिथेच थांबला होता. डबा परत आलेला बघून तो गंभीर झाला. "समुंदर ने वापस कर दिया?"

"हो," वन्सं म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर वन्सं रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "शैला, वरणभाताने पाणी खराब होतं का गं?"

"कुठला वरणभात?"

"घालत होते मी. जेवणाआधी, काकबळी काढतो ना, तेव्हा एक घास टाकीत."

"पण तुमचा तर विश्वासच नव्हता."

"नव्हताच. पण समजा असले, तर श्रीधरचे मासे उपाशी राहायचे."

"एकदाच घातला ना?"

"रोज," वन्सं म्हणाल्या. "तूप पण."

घरी येऊन आम्ही दोघींनी पदर खोचून टाकीतला भात उपसला. वाळूतून शितं निघतच होती. जुनं पाणी थोडं ठेवलं, बाकीचं बोअरचं भरून एक रात्र जाऊ दिली आणि तोवर मासे लाडवांच्या डब्यातच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी शंख पुन्हा वाळूत रोवून आम्ही पाठ फिरवून चहा घेत बसलो. (वेगळ्या पातेल्यातला.) वन्संनी हळूच मान वळवली आणि माझं मनगट धरलं. सहाही बाहेर होते. त्यातला एक तोंडात वाळू भरून शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकत होता.

"अगं, हा तर अगदी सामंतबाईंसारखा," वन्सं म्हणाल्या.

तेवढ्यात बेल वाजली. टाकीचं माप घ्यायला टेप घेऊन सामंतबाईच आल्या होत्या. त्यांनी टाकीत बघितलं. वाळू होती, शंख होते.

"आत्ता होते हो," वन्सं म्हणाल्या. "सहा. आत आहेत."

सामंतबाईंनी टेप गुंडाळला आणि आम्हा दोघींच्या पाठीवरून हात फिरवला.

तेरावं झालं. वन्सं केळव्याला गेल्या, मला न घेता. रोज फोन करतात आणि मी कशी आहे हे विचारत नाहीत. "दिसले का?" "नाही." "मग बरे आहेत." मी पुस्तक घेऊन टाकीकडे पाठ करून बसते, तेव्हा ते बाहेर येतात हे मला समोरच्या कपाटाच्या काचेत दिसतं. अलीकडे त्यात तांदळाएवढी काही पिल्लंही दिसली. ती शितं नाहीत याची मी खात्री करून घेतली आहे.

बेल वाजली की सगळे आत जातात. भेटायला आलेल्या माणसाला दिसायला घरात मी एकटीच असते.