ऑपरेशनाआधीचं केळवण

पोट कापून लहान करायचं ठरलं ते बायकोमुळे. झोपेत माझा श्वास अडकायचा आणि ती रात्रभर उशाशी बसून मला हलवत राहायची. श्वास सुटला की जे घोरणं सुरू व्हायचं, त्यानं तर पार शेजारच्या नरसी गावची कुत्री जागी व्हायची. डॉक्टर म्हणाले, "आधी थोडं वजन उतरवा, मगच ऑपरेशन."

बातमी नात्यागोत्यात फुटली. लग्नाआधी नवरदेवाला जेवायला बोलावतात, तसं घरोघरी माझं केळवण सुरू झालं. "पोट हाय तवर खाऊन घे!" बाळापूरच्या मावशीनं पुरणपोळ्यांची अशी चळत लावली, की पलीकडं बसलेली मावशी दिसेना. ती दिसावी म्हणून तरी मला खावंच लागलं. दवाखान्यातला वजनकाटा मला पाहूनच थरथरला आणि डॉक्टरांनी परत पाठवलं.

घरी पोचतो तोच चुलतभाऊ हजर. "दादा, उद्या आमच्याकडं मटण!"

बायको म्हणाली, "येतो की. पण मुक्कामाला. रातभर तुमी ह्यांच्या उशाशी बसा भाऊजी, मी जरा झोपून घेते."

तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मी तेव्हा नीट पाहिली. तोंडाला सुटलेलं घागरभर पाणी गिळलं आणि जन्मात पहिल्यांदा आवतणाला म्हणालो, "न्हाई जमत."