अख्तरीचा हुक

अख्तरी दुकानात नसते, असं चिकलठाण्याची अख्खी गॅरेज गल्ली छातीठोकपणे सांगायची. ती तिथंच पत्र्याच्या आडोशामागं बसून वेल्डिंग करते आहे, हे त्याच गल्लीला पक्कं ठाऊक होतं. हे गुपित सगळ्यांनी मिळून जपलं होतं, कारण त्यात सगळ्यांचीच सोय होती. अख्तरीची मात्र नव्हती, पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

दुकान तिच्या नवऱ्याचं, शफीकचं. जालना रस्त्यावरून गल्लीत वळलं की कोपऱ्यावरच. मिनी ट्रकला पोटाखालचा चेंबर गार्ड आणि पुढचा ओढायचा हुक बसवून घ्यायचा तर शफीककडंच, असं करमाडपासून बिडकीनपर्यंत ड्रायव्हर लोक सांगत. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भागाला गॅरेजवाले चेंबर म्हणतात. शेतातल्या दगडावर तो आपटून फुटला की गाडी जागेवर बसते, म्हणून त्याच्याखाली जाड पत्रा लावायचा. आणि हुक म्हणजे नुसती वाकवलेली सळई नव्हे. चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, दोन्ही दांड्यांना बोल्टांनी आवळलेला आडवा लोखंडी चॅनल, त्याच्या मधोमध एक चौकोनी नळी. नळीत हुक सरकवायचा आणि आडवी पिन मारायची. काम झालं की हुक काढून सीटमागं टाकायचा. इतर दुकानवाले हुक सरळ बंपरला डकवून देत. दिसायला झकास, पण जोराची ओढ बसली की हुकासकट बंपर हातात.

शफीक एका कारखान्याच्या शेडवर काम करताना खाली पडला आणि त्याचा उजवा हात गेला. म्हणजे हात जागेवर होता, पण त्यात चहाची कपबशीही ठरत नव्हती. पगारी कारागीर ठेवला, तो शेंद्र्याच्या कंपनीत लागला. दुसरा ठेवला, तो काही न सांगताच यायचा बंद झाला. तेव्हा अख्तरीनं शफीकचा जुना शर्ट कमीजवर चढवला, ओढणी कमरेला खोचली आणि वेल्डिंगचा होल्डर हातात घेतला. लग्नापासून ती पाइपाचं दुसरं टोक धरत आली होती. टाका कुठं मारायचा आणि पत्रा तापून कुठं वाकतो, हे तिनं धूर खात खात पाहून ठेवलं होतं. पण बाईच्या हातात गाडी कोण देणार? म्हणून शफीकनं मधोमध पत्र्याचा आडोसा घातला. गाडीचं तोंड आडोशाच्या आत घ्यायचं. बाहेर खुर्ची टाकून शफीकनं बसायचं, गिऱ्हाइकाचं ऐकायचं, "हो जाता" म्हणायचं आणि त्याला समोरच्या बद्रीनाथच्या हॉटेलात चहाला पाठवायचं. बद्रीनाथ असा की, आत काम निघालंय हे पाहून चहा मुद्दाम मंद आचेवर ठेवायचा.

अख्तरीनं बनवलेला पहिला चेंबर गार्ड दृष्ट लागावी असा होता. कडा घासलेल्या, चारी बाजू बंद, मुंगी शिरणार नाही. फक्त ऑइल बदलताना तळाचा नट खोलावा लागतो, त्यासाठी भोक ठेवायचं ती विसरली होती. ऑइल बदलायला गाडी दुसऱ्या गॅरेजात गेली तेव्हा तिथल्या मिस्त्रीनं शफीकच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शफीकनं मान खाली घालून ती चूक स्वतःच्या नावावर घेतली. आत अख्तरीनं हातातली बांगडी काढली, पत्र्यावर ठेवली, खडूनं गोल मारला आणि भोक पाडलं. तेव्हापासून तिच्या प्रत्येक गार्डाला बांगडीएवढं भोक असतं. पुढं गल्लीतल्या इतरांनी त्याची नक्कल केली. काय शफीकभाईचं डोकं, असं म्हणायचे. अख्तरीला आडोशामागं ते ऐकू यायचं आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. चूक नवऱ्यानं घेतली हे तिला समजत होतं. अक्कलही त्याच्याच खात्यावर जमा व्हावी, हे तिला कधीच पटलं नाही.

पण कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. करमाडचे आप्पासाहेब मोसंबीचे मोठे बागाईतदार. बागेतून माल काढायला त्यांच्याकडं पाच मिनी ट्रक होते. झाडांच्या ओळीत गाडी वळत नाही, आणि मागं जोडलेली ट्रॉली उलटी घालायला गेलं की फांद्या मोडतात. ट्रॉली पुढं जोडली तर ड्रायव्हरला डोळ्यांसमोर ढकलता येते. काळ्या मातीत गाडी रुतली तर ट्रॅक्टरनं समोरून ओढून काढायलाही तोच हुक कामाला येतो. सगळ्या गाड्यांना हुक आणि गार्ड बसवायचे, पहिली नमुन्याची, असं ठरलं. गाडी घेऊन फकिरा ड्रायव्हर आला. शफीकनं त्याला चहाला पाठवलं. पण फकिरा रात्रभर जाधववाडीच्या मंडईत माल उतरवून आलेला, तो हॉटेलात न जाता गाडीच्याच हौद्यात ताडपत्री ओढून झोपला. हातोड्याच्या आवाजानं जागा झाला, वाकून पाहतो तर गाडीखाली उताणी पडून एक बाई पान्यानं बोल्ट आवळते आहे.

फकिराच्या मनात वाईट काही नव्हतं. उलट त्याला अचंबा वाटला होता. पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. संध्याकाळपर्यंत आप्पासाहेबांना कळलं, आणि दुसऱ्या दिवशी करमाड नाक्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला. शफीककडं वेल्डिंग त्याची बायको करते म्हणे. ज्या लोकांच्या गाड्या तिच्याच हुकावर इतकी वर्षं ओढल्या गेल्या होत्या, तेही आता वाकून आपापला हुक चाचपून पाहू लागले. ठरलेली कामं मोडली. दारात गाडी थांबेना. आप्पासाहेबांचा निरोप आला की शुक्रवारी स्वतः येतो, बोलायचं आहे. ते नाही म्हणाले तर त्यांच्यामागं सगळा पट्टा नाही म्हणणार आणि दुकानाला कुलूप लागणार, हे शफीक, अख्तरी आणि बद्रीनाथ तिघांनाही सांगायची गरज नव्हती.

शेजारचं रेडिएटरचं दुकान कय्युमचं, म्हणजे शफीकच्या धाकट्या भावाचं. तो मिटवायला आला. भाभीनं घरी बसावं, आपण एक मर्द कारागीर आणून बसवू, आप्पासाहेबांना सांगू की तीच एक गाडी भाभीच्या हातून गेली, बाकी कधीच नाही. गल्लीच्या इज्जतीचा सवाल आहे, असंही तो म्हणाला. हा तोच कय्युम, जो रेडिएटर धुतलेलं सगळं पाणी वर्षानुवर्षं अख्तरीच्या दुकानाच्या बुडाशी सोडत आला होता आणि सांगून सांगून तिचा घसा बसला तरी ज्यानं नाली काढली नव्हती. अख्तरीनं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की माझ्या हातचे हुक लावून गाड्या पळत होत्या तेव्हा गल्लीची इज्जत कुठं गेली होती. कय्युम निघून गेला.

शुक्रवारी आप्पासाहेब आले. पांढरी टोपी, कडक इस्त्री, बोलणं मऊ. फकिरा मागं गाडी घेऊन उभा, मान खाली. दुपारची नमाज आटोपून कय्युम आणि आणखी लोक गल्लीत जमले, कारण तमाशा फुकट होता. आप्पासाहेब शफीकच्या खुर्चीजवळ उभे राहिले. आडोशामागं अख्तरी उभी आहे हे त्यांना ठाऊक होतं, तरी ते शफीकशीच बोलले. म्हणाले, माझं बायामाणसांशी काही वाकडं नाही, पण ट्रॉलीपुढं माझी माणसं चालतात, उद्या उतारावर हुक सुटला तर मी कुणाला तोंड दाखवू. मग सगळ्यांसमोर विचारलं, "शफीकभाई, खरं सांगा. काम कुणाचं हाय?"

 इतकी वर्षं शफीकनं या प्रश्नाला बगल दिली होती आणि त्यावर घर चालवलं होतं. त्यानं आपला उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

"मेरा हात तो कब का गया," तो म्हणाला. "काम अख्तरी का है. वो बांगडीवाला छेद भी उसका ही है."

अख्तरीला आत उभ्या उभ्या रडू आलं. तिनं डोळे अंगातल्या शफीकच्या शर्टाच्या बाहीला पुसले आणि आडोशाबाहेर आली. गल्लीत दिवसाढवळ्या, डोळ्यांवरची काळी काच कपाळावर सरकवून, अशी ती पहिल्यांदाच उभी राहिली होती. तिनं आप्पासाहेबांना सलाम केला आणि म्हणाली की पहिली ओढ करून पाहू.

पहिली ओढ ही त्या गल्लीची जुनी रीत. हुक बसवला की गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कडुलिंबाला साखळी बांधायची आणि गाडीनं मागं जोर मारायचा. हुक टिकला तर गाडी मालकाच्या हवाली. रस्ता रुंद झाला तेव्हा लिंब गेला आणि त्याच्याबरोबर रीतही गेली. त्यानंतर मालक नुसता नारळ फोडायचा, गुलाल लावायचा आणि देवाच्या भरवशावर निघायचा. आता लिंब कुठं आहे, असं कुणीतरी हसत म्हणालं.

अख्तरीनं दुकानाच्या खांबावर हात ठेवला. तो खांब म्हणजे जुन्या मीटरगेजच्या रुळाचा तुकडा. लाइन उखडली तेव्हा तिच्या सासऱ्यानं भंगारातून आणून पुरलेला. दुकानाचं अर्धं छप्पर आणि तो आडोसा त्याच्याच आधारानं उभा. गल्लीत त्याच्याहून दांडगं काही नव्हतं.

"आप्पासाहेब, हुक माझा हाय आणि खांब बी माझाच हाय," ती म्हणाली. "हुक तुटला तर मी होल्डर खाली ठेवते, पुन्हा हात लावायची नाय. ओढा."

कय्युम म्हणाला, भाभी, हे हात दाखवून अवलक्षण आहे. तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. चाकं घसरू नयेत म्हणून गाडीच्या हौद्यात भंगार लोखंड भरायला लावलं. शफीकची खुर्ची छपराखालून काढून रस्त्यावर ठेवली. तो कुरकुरला, तर म्हणाली, तुम्ही तिथं बसून हुकूम द्या. साखळी तिनं स्वतः खांबाला बांधली, दुसरं टोक हुकात अडकवलं आणि खाली वाकून पिन बघितली.  फकिरा हळूच म्हणाला, भाभी, चुकी माझी झाली. ती म्हणाली, गाडी चालवायला बस, आणि जोर कमी केलास तर बघ.

शफीकनं डावा हात वर केला. फकिरानं रिव्हर्स टाकला. साखळी ताणली, गाडीचं तोंड खाली दबलं, चाकांखालून माती उडाली. हुक हलेना. आप्पासाहेब म्हणाले, बास, पुरे. अख्तरी म्हणाली, पुरे नाही, झटका दे. फकिरानं गाडी थोडी पुढं घेतली, साखळी सैल केली आणि सगळा जीव एकवटून मागं मारली.

काहीतरी कर्रकन वाजलं. लोक हुकाकडं पाहत राहिले आणि रूळ बुडातून उपटून आडवा झाला. त्याच्यामागं छपराचा अर्धा भाग खाली आला, आणि मग आडोशाचा पत्रा, आधी वाकला आणि मग सावकाश, सगळ्यांना नीट पाहता येईल असा, रस्त्यावर आडवा पडला. मग धुरळा बसला. रुळाच्या बुडाशी खड्डा पडला होता. त्यातली माती कय्युमच्या रेडिएटरच्या पाण्यानं चिखल झालेली, लापशीसारखी.

अख्तरी गाडीपाशी गेली. चॅनल सरळ होता, एकही टाका फाकला नव्हता. पिन तिनं अंगठ्यानं दाबली, ती नेहमीसारखी सुळकन निघाली. वाकलेल्या नळीतून पिन अशी निघत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तिनं पिन आप्पासाहेबांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी पिनेकडं आणि मग पडलेल्या छपराकडं पाहिलं.

"बाई, तुझं तर घर मोडलं की," ते म्हणाले.

"छप्पर मोडलं, आप्पासाहेब. हुक बघा."

आप्पासाहेबांना हसू आलं. त्यांनी फकिराला सांगितलं की बाकीच्या गाड्या आणायला माणूस धाड, आणि रूळ उभा करायला बागेतला ट्रॅक्टर पाठवतो म्हणाले. अख्तरीनं ट्रॅक्टर घेतला, नाही म्हणाली नाही. कय्युम काहीतरी पुटपुटत जवळ येत होता. तिनं कोपऱ्यातलं फावडं उचलून त्याच्या हातात दिलं.

"पानी तुमारा था," ती म्हणाली, "गड्ढा भी तुमीच खोदो."

कय्युमनं आधी भावाकडं पाहिलं. शफीक दुसरीकडं पाहत होता. मग कय्युमनं बाह्या वर केल्या.

गल्लीतल्या पोरांनी आडोशाचा पत्रा ओढून आणला आणि कुठं लावायचा विचारलं. अख्तरीनं त्यावरून हात फिरवला. पत्रा चांगला जाड होता. तिनं खडू काढला, हातातली बांगडी त्यावर ठेवली आणि गोल मारला. म्हणाली, यात दोन गार्ड निघतील, आप्पासाहेबांच्या पुढच्या गाडीला हाच लावू.

उघड्या रस्त्यावर, भर उन्हात, तिनं काच डोळ्यांवर ओढली. लोक पाहत होते. समोरून बद्रीनाथनं सवयीनं ओरडून विचारलं, चहा थोडा थांबून आणू का.

"थांबू नकोस," अख्तरी म्हणाली. "आत्ताच आण. आणि माझा बी आण."