माळणीची चिंधी

पदार्थविज्ञानाच्या आमच्या मास्तरांची आठवण झाली की अजून माझं डोकं फिरतं.

अमरावतीच्या हायस्कुलाच्या कुंपणाशी एक माळीण रोज भाजी घेऊन बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. लुगड्याच्या चिंधीचं एक टोक ती पाण्याच्या तांब्यात सोडायची, दुसरं मेथीवर टाकायची. पाणी चिंधीतून वर चढायचं, काठ ओलांडायचं आणि मेथी दिवसभर ताजी राहायची.

"कापूस सारा विलायतेले गेला, मले चिंधीच राह्यली," म्हणायची.

एकदा तिनं मला विचारलं, "काय घोकून राह्यला रे?"

"पाणी सुतातून वर चढतं."

"मंग घोकतं काहून? इकडे पाह्य ना!"

परीक्षा घ्यायला आलेल्या साहेबाला मी पाणी सुतातून वर चढतं हे सांगितलं, तेव्हा त्यानं विचारलं, हे कुठं पाहिलंस? मी माळणीचं सांगितलं. साहेब खो खो हसला. दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी शिपायाकडून तिला हाकललं. म्हणे, भाजीवालीनं शाळेची अब्रू घालवली! शिपायानं तांब्या लाथेनं उडवला.

पुढल्या वर्षी साहेबानं तोच प्रश्न विचारला. मास्तर माझ्याकडे रोखून बघत होते.

"पुस्तकात पाहिलं," मी म्हणालो.

बक्षीस म्हणून तेच पुस्तक मिळालं. ते हातात घेतलं की अजून माझीच मला शिसारी येते.