विनयचा जोड

इंग्लंडातल्या स्लाऊच्या आमच्या गराजमध्ये तीन गोष्टी साठत गेल्या: गंजलेले नटबोल्ट, रंगाचे रिकामे डबे आणि किस्से. पहिल्या दोन बिनमध्ये टाकायला निघाले की आमचे हे आडवे येतात. किस्से मात्र कुणी मागत नाही आणि मला टाकवत नाहीत. चहाला कोणी आलं की एक सांगायला घ्यावा, तर मागून दुसरा डोकं काढतो. माणसं तीच तीन: हे, कारखान्यात ह्यांच्याबरोबर जन्मभर वेल्डिंग केलेला टेरी, आणि शेजारचा बलदेव. तिघांचे मिळून दोन गुडघे धड!

*

हॉट रॉड म्हणजे काय हे मला विनयनं शिकवलं. जुनी गाडी घ्यायची, छप्पर कापून खाली आणायचं, पुढची चाकं उघडी ठेवायची आणि आत दांडगं इंजिन कोंबायचं. विनय आमचा धाकटा. सतरा वर्षांचा असताना त्यानं आणि ह्यांनी मिळून गराजमध्ये अशी एक गाडी बांधली. काळी, बसकी, पाण्यात बसलेल्या म्हशीसारखी. बापलेक तिच्यातून समुद्रावर जाऊन आले, ते पुढं आठवडाभर दुसरं काही बोलेनात. चार वर्षांनी विनय ब्लड कॅन्सरनं गेला.

तेरावं झालं आणि ह्यांनी ग्राइंडर काढला. गाडी कापायला घेतली. इतका आवाज की गल्लीतून कुणीतरी कौन्सिलला फोन केला. कौन्सिलचा माणूस आला, काखेत फाइल, चांगला तापलेला. गराजच्या दारात उभं राहून त्यानं ह्यांच्याकडे पाहिलं. मग फाइल माझ्या हातात दिली, कोट काढला आणि बॉनेटचं दुसरं टोक धरलं.

*

त्याला विसावर वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरनं ह्यांना सांगितलं, नजर उतरत चाललीय, पुढच्या तपासणीला लायसन्स जाणार. घरी आले ते थेट गराजमध्ये. बघते तर माझा फ्रीझर ओढत मागच्या अंगणात काढतायत.

म्हटलं, "अहो, हे काय?"

"गाडी बांधायचीय. तीच. एकदा स्वतः चालवत समुद्रापर्यंत नेतो, मग घेऊन जाऊ देत लायसन्स."

मी विचारलं, आणि माझा फ्रीझर? म्हणाले, समुद्रावरून येईपर्यंत बाहेर राहील. त्याच्यावर आता शेवाळ चढलंय.

*

जुनी गाडी मिळाली, तसलंच इंजिन मिळालं. अडलं छपरावर. पहिल्या गाडीचं छप्पर विनयच्या मापानं कापलेलं. त्याची उंची किती? तिघांनी हात वर करून दाखवली. बलदेवचा हात सगळ्यांत वर, कारण तो बलदेवला नेहमी कुंपणापलीकडून दिसायचा. टेरीचा मधे. ह्यांचा सगळ्यांत खाली. शेवटचे महिने ह्यांनीच त्याला उचलून बाथरूमला नेलं होतं.

कुणी कुणाला चूक म्हणेना. हात तसेच वर. मी चहा घेऊन उभी. म्हटलं, हॉलमधला दिवा रोज त्याच्या कपाळाला लागायचा, तो दिवा मोजा.

तिघं उठले आणि तेलानं माखलेल्या बुटांनी तसेच कार्पेटवर चालत आले. कार्पेटवरून मी माणसं घरातून घालवली आहेत. त्या दिवशी दिव्याखाली स्टूल आणून ठेवलं.

*

आमची थोरली, सुजाता, लंडनमध्ये एजवेअरला असते. तिला वाटलं, बाबांच्या डोक्यावर परिणाम झालाय. रोज फोन. "आई, तू त्यांना थांबवत का नाहीस? ह्या वयात गाडीखाली कसले झोपतात?" एका रविवारी आली ती आयपॅड घेऊनच. तशीच काळी हॉट रॉड कुठंतरी विकायला होती. हुबेहूब. म्हणाली, बाबा, मी आणि तुमचे जावई घेऊन देतो, बर्थडे गिफ्ट समजा.

ह्यांनी भिंग आणलं. एकेक फोटो मोठा करून पाहिला. चाकं पाहिली, पोटाखालचे फोटो पाहिले. आम्हाला वाटलं, जमलं.

भिंग खाली ठेवून म्हणाले, "छान आहे. पण हिच्यात चूक कुठाय?"

*

चूक म्हणजे एक जोड. गाडीच्या सांगाड्याला मधे एक आडवी पट्टी असते. पहिल्या गाडीला ती विनयनं वेल्डिंग करून जोडली होती. हे ड्यूटीवर असताना, एकट्यानं. तो त्याचा पहिलाच जोड. कुंभारमाशीनं भिंतीला घर करावं तसा, गोळे गोळे. हे म्हणाले, टेरी, तसाच पाहिजे.

टेरीला ते जमेना! बिचाऱ्यानं पहिला मारला तो सरळ, चकचकीत. हे म्हणाले, काढ. दुसरा मारला तोही गुळगुळीत. टेरी चिडला. म्हणाला, असं करू नये म्हणून मला जन्मभर पगार मिळाला, आता हात कसा बिघडवू? शेवटी त्यानं वेल्डिंगची टॉर्च डाव्या हातात धरली आणि डोळे मिटले.

मास्क वर करून ते गोळे पाहिले आणि म्हणाला, "सॉरी."

ह्यांनी त्या जोडावरून बोट फिरवलं. अजून गरम होता. बोट भाजलं तरी काढलं नाही.

*

असल्या बांधलेल्या गाडीची रस्त्यावर आणण्याआधी सरकारी तपासणी होते. पहिल्या गाडीच्या वेळी इतकं कडक नव्हतं. गाडी ट्रेलरवर चढवून आम्ही चौघं गेलो. मी थर्मास घेऊन. इन्स्पेक्टर पन्नाशीचा, बोलका. ब्रेक बघितले, दिवे बघितले, खुणा करत गेला. मग बॅटरी घेऊन गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेरच येईना.

आला तो मान हलवत. म्हणाला, बाकी गाडी झकास, पण मधला एक जोड धोक्याचा आहे. घासून नवा मारा, तासाभराचं काम. मी थांबतो, आजच पास करतो.

टेरी वेल्डिंगचं सामान काढायला ट्रेलरकडे निघालासुद्धा. हे म्हणाले, "नको. तो जोड राहील."

"मग गाडी रस्त्यावर जाणार नाही."

"माहीत आहे."

पुढच्या आठवड्यात ह्यांच्या डोळ्यांची तपासणी होती. बलदेव हळूच म्हणाला, "भाईसाब, समंदर..." ह्यांनी ऐकलं. छपरावर हात ठेवून उभे राहिले.

इन्स्पेक्टरला काही कळेना. त्यानं विचारलं, "हा जोड मारलाय कुणी?"

टेरी पुढं झाला. ह्यांनी त्याला हातानं मागं सारलं.

"माझ्या मुलानं."

"मग सांगा त्याला. अशानं जीव जातो."

"सांगितलं होतं," हे म्हणाले. "ऐकत नाही."

इन्स्पेक्टर हसला. फेलच्या चौकटीत खूण केली, कागद ह्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, "माझाही नाही ऐकत."