वरची माती वर

बबननानांनी पहिल्याच भेटीत माझ्या हातावर दोन कांदे ठेवले. एक मुठीत न मावणारा, दुसरा बोरापेक्षा जरासा मोठा. "एकाच वावरातलं हायेत, सायेब," ते म्हणाले. "बारका हाय त्यो तुमच्या लाइनीवरचा."

पिंपळवंडीतल्या त्यांच्या शेताखालून कच्च्या तेलाची पाइपलाइन फार वर्षांपूर्वी गेलेली. ती आता अपुरी पडू लागली, म्हणून शेजारून दुसरी, जास्त जाड लाइन टाकायची होती. ठेकेदाराचा इंजिनिअर म्हणून मी आलो होतो. मला वाटलं, म्हातारा काम अडवणार. पण नानांचं तेलाशी काहीच भांडण नव्हतं. "तेल न्या की, देशाला लागतंय. फकस्त वरची काळी माती वर आन् खालचा मुरूम खाली. गेल्या बारीला समदा काला केला तुमी लोकांनी." गेल्या बारीला मी शाळेत होतो, हे सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही.

चर खणायला सुरुवात झाली आणि नाना प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन काळ्या मातीच्या ढिगाशेजारी बसले. डोक्यावर टोपी, टोपीवर छत्री. पोकलेनच्या ऑपरेटरला स्वतःच्या हातानं चहा द्यायचे आणि वर सुनावायचे, "पावनं, बेतानं. अंथरूण कोनतं, पांघरूण कोनतं, कळतं ना?" आमची माणसं त्यांना 'मोठे साहेब' म्हणू लागली. पगार सोडला तर नानांकडे साहेबाचं सगळं होतं: खुर्ची, सावली आणि दुसऱ्याच्या कामातल्या चुका.

एके दिवशी ते भाचीच्या लग्नाला आळ्याला गेले. पाइप चरात उतरवलेला होता आणि आभाळ भरून आलेलं. पाइपाला दगड लागू नये म्हणून त्याच्याभोवती आधी मऊ माती भरावी लागते. ती बाहेरून यायची होती, पण डंपर वाटेतच बिघडला. ढीगभर मऊ माती मात्र समोर होती, आणि खुर्ची रिकामी. मीच ऑपरेटरला हात केला. तासाभरात वीस-पंचवीस पावलांच्या पट्ट्यातली काळी माती खाली गेली आणि वर मुरूम आला.

नाना लग्नाच्या फेट्यातच शेतावर आले. बुजवलेल्या चरावर उभे राहून त्यांनी टाचेनं मुरूम उकरला. ओरडले असते तर बरं झालं असतं. "सायेब, तुमी उद्या दुसऱ्या गावाला जाल," एवढंच म्हणाले. "मला हितंच पेरायचंय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी मी तेवढा चर पुन्हा उघडायला लावला. पाइपाजवळ मशीन घालता येत नाही, त्यामुळे फावडी-घमेली घेऊन दोन दिवस मीही माणसांबरोबर माती उपसली. माझ्या वरिष्ठांनी फोनवरून माझा यथेच्छ उद्धार केला, तो चरापर्यंत ऐकू गेला. "तुमचं सायेब लई तापट हायेत राव," म्हणत नाना खुर्चीवरून उठले आणि घमेलं उचलायला आले. थोड्या वेळानं माझ्याकडे बघून म्हणाले, "फावडं धड धरता येत नाय, इंजिनेर कसं झालात?" तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

भाद्रपदात लाइनीच्या खुणेचे खांब रोवायला मी परत गेलो. दारात नानांच्या पत्नी, काकी, एकट्याच होत्या. नाना आखाडात गेले होते, बाजरी पेरून झाल्यावर आठ दिवसांत. मला कुणी कळवलं नव्हतं.

काकी मला बांधावर घेऊन आल्या. "जाताना म्हनलं व्हतं, सायेब आलं की वावर दाखीव. लाइन कुठंय, इचार."

जुन्या लाइनीवरचा खुजा पट्टा बांधावरून लगेच दिसला. त्याच्या शेजारी मी हातात नकाशा घेऊन आमची लाइन शोधत राहिलो. सगळीकडे बाजरी सारखीच, खांद्याला लागेल एवढी.

"सापडत नाही, काकी," मी म्हणालो, आणि मला रडू आलं.

काकींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "ह्येच आयकायला थांबायचं व्हतं त्यांना."